सहावे की सातवे? प्रथिनांच्या संरचना आणि क्रम यांची सांगड घालणारी 'सिफ्ट्स' प्रणाली

जबलपूर येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्यविषयक संशोधन संस्था १९८४ पासून कार्यरत आहे. प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला पुढे राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. मंडला, दिंडोरी, बालाघाट या नर्मदा आणि वैनगंगेच्या खोऱ्यांतील जिल्ह्यांत राहणाऱ्या गोंड, बैगा आदी समाजांचे आरोग्य हा तिच्या अभ्यासाचा मुख्य विषय असून त्यात हिवताप आणि सिकलसेल हे दोन आजार सतत पुढे येतात. बालाघाटची हद्द ओलांडली की आपला गोंदिया जिल्हा लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर आणि तिकडे वायव्येला नंदुरबार येथील आरोग्य कर्मचाऱ्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन व कटबुश यांनी केली. मध्य भारतातील वाहकांविषयीचा शुक्ल व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहिमेचा शुभारंभ १ जुलै २०२३ रोजी जबलपूरच्या पूर्वेस असलेल्या शहडोल येथे झाला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

मात्र प्रस्तुत लेखाचा विषय मोहीम हा नसून त्यामागील एक लहानसा आकडा हा आहे. सिकलसेल विकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एक अमिनो आम्ल बदलते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. हे अमिनो आम्ल साखळीत कितवे? जीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत उत्तर आहे 'सहावे'. अलीकडच्या जनुकीय तपासणीच्या अहवालात मात्र 'सातवे' असे छापलेले आढळते. विद्यार्थी यांपैकी एक छपाईची चूक मानून पुढे जातो. वस्तुतः दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती दोन निरनिराळ्या मोजण्यांतून आलेली आहेत, इतकेच.

दोन मोजण्या कशा निर्माण झाल्या

लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेल हा 'रेणूचा आजार' असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिनने तुकडे करून ते ताडून पाहिले आणि नेमका फरक एका अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध केले. हे हिमोग्लोबिन रक्तातून काढलेले, म्हणजे पेशीने पूर्णपणे घडवून तयार केलेले होते. पुढे काही वर्षांत साखळीचा संपूर्ण क्रम उलगडला तेव्हा गणना या तयार साखळीच्या पहिल्या अमिनो आम्लापासून झाली. व्हॅलीन पहिले, हिस्टिडीन दुसरे, ल्युसिन तिसरे, थ्रिओनिन चौथे, प्रोलिन पाचवे आणि ग्लुटामिक आम्ल सहावे. अशा प्रकारे 'सहावे' रूढ झाले.

जनुकाच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे निराळे दिसते. पेशीत प्रथिनाची जुळणी मेथिओनिन या अमिनो आम्लापासून सुरू होते. हिमोग्लोबिनच्या बाबतीत हे प्रारंभीचे मेथिओनिन नंतर छाटले जाते. जनुकात मात्र त्याचा संकेत कायम असतो. मानवी जनुकीय बदलांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम त्या मेथिओनिनला क्रमांक एक देतात. साहजिकच पुढील प्रत्येक अमिनो आम्ल एका घराने सरकते आणि ग्लुटामिक आम्ल सातवे ठरते. जनुकात त्या ठिकाणी जीएजी या संकेताचे जीटीजी होते; संकेतक्रमातील विसावे अक्षर ए बदलून टी होते.

आता खरी अडचण पाहू. बीटा साखळीच्या तयार रूपात सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल आहे आणि सातव्या स्थानीही ग्लुटामिक आम्लच आहे! एखाद्या अभ्यासकाने अहवालातील 'सात' हा आकडा घेतला आणि त्रिमितीय संरचनेत सातवे घर उघडून पाहिले, तर त्याला अपेक्षित ग्लुटामिक आम्ल तेथे दिसेल आणि आपण शेजारच्या घरात शिरलो आहोत याची शंकाही येणार नाही. हिमोग्लोबिन ई या प्रकारात अशी फसगत होत नाही. तेथील बदल जुन्या मोजणीने २६ व्या आणि नव्या मोजणीने २७ व्या ग्लुटामिक आम्लात आहे. संरचनेत २७ वे घर उघडल्यास अॅलॅनिन दिसते व चूक तत्काळ ध्यानात येते. हिमोग्लोबिन डी-पंजाबमध्ये जुन्या मोजणीने १२१ वे ग्लुटामिक आम्ल बदलते. तेथेही १२२ व्या घरात फेनिलअॅलॅनिन भेटते. सिकलसेलच्या बाबतीतच नेमकी ही धोक्याची सूचना मिळत नाही. शिवाय सहाव्या घरातील ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आले तर हिमोग्लोबिन सी होते, आणि सातव्या घरात तोच बदल झाला तर हिमोग्लोबिन सिरिराज हा वेगळा प्रकार होतो. एका घराच्या चुकीने आजाराचे नावच बदलते ते असे.

तीन प्रकारचे माहितीकोश

प्रथिनांविषयीची माहिती जगात एका जागी साठवलेली नाही. तिचे तीन मोठे प्रवाह आहेत आणि तिन्ही निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या हेतूंनी उगम पावले.

पहिला प्रवाह संरचनांचा. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे १९७१ मध्ये केवळ सात संरचनांनिशी प्रोटीन डेटा बँकेचा प्रारंभ झाला. जानेवारी २०२३ मध्ये तिच्यातील संरचनांची संख्या दोन लाखांवर गेली. प्रत्येक संरचनेला चार अक्षरांचा संकेतांक असतो. निरोगी, प्राणवायूरहित मानवी हिमोग्लोबिनची १९८४ मधील संरचना '२एचएचबी' या नावाने ओळखली जाते. सिकल हिमोग्लोबिनची १९९७ मधील, २.०५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याची संरचना '२एचबीएस' या नावाने आहे. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, अमिनो आम्लांना क्रमांक देण्याचे स्वातंत्र्य संरचना सादर करणाऱ्या शास्त्रज्ञांना असते. काही जण तयार साखळीपासून मोजतात. ट्रिप्सिन, थ्रॉम्बिन यांसारख्या विकरांचे अभ्यासक कायमोट्रिप्सिन या नातलग प्रथिनाचे क्रमांक उसने घेतात. मग जादा अमिनो आम्लांसाठी '६०-अ, ६०-ब' अशी घरे करावी लागतात. जुन्या पेठेत दोन वाड्यांच्या मध्ये नवे घर उभे राहिले की त्याला जसा क्रमांक मिळतो, तसाच हा प्रकार आहे.

दुसरा प्रवाह क्रमांचा. स्विस-प्रॉट हा काळजीपूर्वक तपासलेला कोश १९८६ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये अन्य दोन कोशांशी जोडला जाऊन 'युनिप्रॉट' उदयास आला. यात मानवी बीटा ग्लोबिनचा क्रमांक पी६८८७१ असा असून साखळीची लांबी, प्रारंभीच्या मेथिओनिनसह, १४७ आहे.

तिसरा प्रवाह डोमेनच्या कोशांचा. प्रथिनाच्या साखळीतील जो भाग स्वतंत्रपणे घडी घेऊ शकतो आणि उत्क्रांतीत एक घटक म्हणून पुन:पुन्हा वापरला जातो, त्याला डोमेन म्हणतात. क्रमातील साम्यावरून डोमेन ओळखणारा 'पीफॅम', अनेक कोशांचा समन्वय साधणारा 'इंटरप्रो', तर संरचनेच्या घडणीवरून वर्गवारी करणारे 'स्कॉप' आणि 'कॅथ' हे प्रमुख कोश होत. ग्लोबिनचे पीफॅममधील नाव पीएफ०००४२ असे आहे. पीफॅमचे वेगळे संकेतस्थळ आता राहिले नसून त्याची माहिती इंटरप्रोमध्येच पाहावी लागते.

सिफ्ट्स काय करते

केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथे युरोपीय जैवमाहितीशास्त्र संस्था आहे. संरचनांचा कोश सांभाळणारा तेथील गट आणि युनिप्रॉटचा गट यांनी एकत्र येऊन या प्रवाहांना जोडणारी सारणी तयार केली. तिचे 'सिफ्ट्स' हे नाव संरचना, कार्य, वर्गीकरण आणि क्रम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनले आहे. या कार्याचे एक सविस्तर विवेचन 'न्यूक्लिइक अॅसिड्स रिसर्च' या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांत पहिले नाव समीर वेलणकर यांचे आहे. सारणीची नवी आवृत्ती दर आठवड्याला काढली जाते, कारण प्रोटीन डेटा बँकेत दर आठवड्याला नव्या संरचना दाखल होतात.

काम दोन टप्प्यांत होते. प्रथम संरचनेतील प्रत्येक साखळी युनिप्रॉटमधील कोणत्या नोंदीची, हे ठरते. येथे केवळ क्रमांतील साम्य पुरत नाही. जीवजातीही जुळावी लागते. मानव आणि चिंपांझी यांची बीटा साखळी एकसारखी आहे. तेव्हा नमुना कोणाचा, हे माहीत नसेल तर क्रम पाहून निर्णय करता येणार नाही. या टप्प्यात यंत्राबरोबर जाणकार संपादकांची नजरही लागते. दुसऱ्या टप्प्यात घरास घर जुळवले जाते.

'२एचबीएस'ची नोंद या दृष्टीने वाचून पाहावी. या संरचनेत हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू, म्हणजे एकूण आठ साखळ्या आहेत. त्यांतील 'बी' या साखळीपुढे सारणी पी६८८७१ हा युनिप्रॉट क्रमांक देते आणि सांगते की, संरचनेतील १ ते १४६ ही घरे युनिप्रॉटमधील २ ते १४७ या घरांशी जुळतात. तपशिलात गेल्यास सहाव्या घरासमोर सातवे घर दिसते आणि तेथे संरचनेत व्हॅलीन, तर युनिप्रॉटच्या प्रमाण क्रमात ग्लुटामिक आम्ल असल्याचे आढळते. अक्षरे जुळत नसली तरी घर तेच, ही बाब प्रणाली जाणते. फरक असलेल्या जागेची नोंद होते. ती गाळली जात नाही. आजाराचे कारणच त्या फरकात असल्यामुळे हे महत्त्वाचे ठरते.

यानंतर संरचनेकडे पाहिले तर सिकलसेलचे कोडे उलगडते. प्राणवायू सोडलेल्या अवस्थेत एका रेणूच्या बीटा साखळीतील सहाव्या घराचे व्हॅलीन शेजारच्या रेणूतील ८५ वे फेनिलअॅलॅनिन आणि ८८ वे ल्युसिन यांनी बनलेल्या खोबणीत जाऊन बसते. रेणूला रेणू जोडला जाऊन लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असल्याने ते त्या तेलकट खोबणीत बसत नाही. हीच दोन घरे युनिप्रॉटमध्ये शोधायची तर ८६ आणि ८९ पाहावी लागतील.

मेथिओनिन छाटले जाण्याचे महत्त्व आणखी एका परिचित उदाहरणावरून कळेल. मधुमेहाच्या रुग्णांना एचबीए१सी ही तपासणी करावी लागते. रक्तातील ग्लुकोज बीटा साखळीच्या पहिल्या व्हॅलीनच्या मोकळ्या अमिनो टोकाला चिकटते आणि त्याचे प्रमाण या तपासणीत मोजले जाते. ते टोक मोकळे आहे याचे कारण मेथिओनिन गेलेले आहे. युनिप्रॉटमधील क्रमाच्या प्रारंभी मेथिओनिन पाहून कोणी निष्कर्ष काढू लागला, तर त्याला ते टोकच सापडणार नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेले आणि २०२४ मध्ये उत्पादकाने बाजारातून मागे घेतलेले सिकलसेलवरील 'व्होक्सेलोटर' हे औषधही अल्फा साखळीच्या अशाच पहिल्या व्हॅलीनला जोडले जात असे.

हिवतापाच्या परजीवीचे उदाहरण

जबलपूरच्या संस्थेचा दुसरा विषय हिवताप. सिकलसेलच्या वाहकांना हिवतापाच्या तीव्र स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले होते. हे दोन विषय एकाच प्रदेशात शेजारी नांदतात यामागे असे कारण आहे. येथे मात्र परजीवीच्या एका विकराचा विचार करू.

प्लास्मोडियम फाल्सिपेरमच्या ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज या विकराची संरचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा संकेतांक '१वायडीव्ही' असा आहे. तांबड्या पेशीतील परजीवी ऊर्जेसाठी ग्लुकोजच्या विघटनावर अवलंबून असतो, म्हणून त्या मार्गातील हे विकर औषधाचे संभाव्य लक्ष्य मानले गेले. सिफ्ट्समध्ये या संकेतांकापासून निघाले की युनिप्रॉटची नोंद मिळते, तेथून पीएफ००१२१ हे पीफॅम कुटुंब आणि ५.३.१.१ हा विकर वर्गीकरणाचा क्रमांक मिळतो. मानवाचे विकरही याच कुटुंबातील, याच क्रमांकाचे. त्यामुळे डोमेनचे नाव कळून औषध शोधणाऱ्याचे काम भागत नाही. त्याला फरक हवे असतात. परजीवीच्या विकरात १३ व्या घरी, दोन उपघटकांच्या सीमेवर, सिस्टीन आहे. मानवात तेथे मेथिओनिन आहे. ९६ व्या घरी बहुतेक जीवांत सेरिन असताना येथे फेनिलअॅलॅनिन आहे. क्रमांची तुलना करून हे फरक यादीत मिळतात. ते रेणूच्या पृष्ठावर आहेत की आत दडलेले, क्रियास्थानाजवळ आहेत की दूर, हे संरचनाच सांगते. यादीतील घर आणि संरचनेतील घर एकच असल्याची खात्री झाल्याखेरीज ही दोन ज्ञाने एकमेकांना उपयोगी पडत नाहीत.

मर्यादा आणि अपवाद

एकदा एक मिळवला किंवा वजा केला की काम झाले, असा समज होऊ नये. हिमोग्लोबिनचे उदाहरण सोपे आहे. प्रयोगासाठी प्रथिने जोडून बनवलेल्या साखळ्या कठीण असतात. २००७ मधील '२आरएच१' या संरचनेत मानवी बीटा-२ अॅड्रेनर्जिक ग्राहीच्या मध्यभागी विषाणूचे लायसोझाइम बसवलेले आहे. एकाच साखळीला दोन युनिप्रॉट नोंदींशी, तुकड्या-तुकड्यांनी जोडावे लागते. लायसोझाइमची घरे ओळखू यावीत म्हणून त्यांना हजाराच्या पुढचे क्रमांक दिलेले आहेत. याशिवाय स्फटिकात सतत हलणारे भाग क्ष-किरणांना दिसत नाहीत, त्यामुळे क्रमात असलेली घरे संरचनेत रिकामी राहतात. सिफ्ट्स अशा घरांना 'न दिसलेली' म्हणून वेगळे दाखवते. न दिसणे आणि नसणे यांत फरक आहे. नवशिक्या विद्यार्थ्याची गणना बहुधा येथेच चुकते.

२०२१ पासून अल्फाफोल्डच्या संगणकीय अनुमानित संरचना सर्वांना उपलब्ध झाल्या आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांच्या रचनेविषयीच्या संशोधनासाठी डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. या अनुमानित संरचना युनिप्रॉटच्या क्रमावरून बनवल्या जात असल्याने त्यांचे क्रमांक युनिप्रॉटप्रमाणे असतात. परिणामी बीटा ग्लोबिनचे अल्फाफोल्डमधील प्रतिमान मेथिओनिनसह १४७ घरांचे असून त्यात सिकलसेलचे स्थान सातवे आहे. प्रयोगाने मिळवलेल्या '२एचबीएस'मध्ये ते सहावेच आहे. दोन संरचना एकमेकींवर ठेवून पाहणाऱ्याने क्रमांकांवर विसंबू नये, सारणी जवळ ठेवावी.

ही सारणी विनाशुल्क उपलब्ध आहे. प्रत्येक संरचनेची स्वतंत्र तपशीलवार धारिका तर मिळतेच, शिवाय सर्व साखळ्यांची एकत्रित संक्षिप्त यादीही उतरवून घेता येते. साध्या तक्त्याच्या स्वरूपातील ही यादी महाविद्यालयाच्या संगणकावर सहज उघडते. अभ्यासकाने '२एचएचबी' आणि '२एचबीएस' यांच्या ओळी काढून शेजारी ठेवाव्यात, बीटा साखळीची प्रारंभीची आठ घरे दोन्ही मोजण्यांनी लिहून काढावीत आणि नंतर अल्फा साखळीकडे वळावे. ती तयार रूपात १४१ घरांची, तर युनिप्रॉटमध्ये पी६९९०५ या क्रमांकाखाली १४२ घरांची आहे. परीक्षेत स्थान विचारले गेल्यास 'तयार साखळीत सहावे, प्रारंभीचे मेथिओनिन धरून सातवे' असे पूर्ण उत्तर लिहावे. बहुपर्यायी प्रश्नात दोन्ही आकडे दिले असतील तर प्रश्नात साखळीचा उल्लेख आहे की जनुकाचा, हे आधी पाहावे.